रूळ ओळखायला शिकताना: आकडा नेमका कशाचा?

‘साठचा रूळ’, ‘आठशे ऐंशीचं पोलाद’, ‘एकास बाराचं क्रॉसिंग’, ‘एकास वीसचा कल’. रेल्वेमार्गावर काम करणारी माणसं अशी आकड्यांत बोलतात आणि एकक कुणी उच्चारत नाही. पहिला आकडा किलोचा, दुसरा मेगापास्कलचा (पोलादाच्या ताकदीचं एकक), उरलेले दोन निव्वळ गुणोत्तरं. त्यामुळे शब्दांची यादी पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या. आकडा कानावर पडला की तो कशाचा, कुठून मोजलेला आणि कुठल्या मानकातला, हे विचारायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

सराव डेपोत रचून ठेवलेल्या जुन्या रुळांवर करा. चालू मार्गावर परवानगी आणि गाडीवर नजर ठेवणारा माणूस यांच्याशिवाय उतरायचं नाही. मोजमापात डोकं खुपसलेल्या माणसाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

पहिली पायरी: छेद ओळखा

आज सर्रास दिसणाऱ्या सपाट तळाच्या रुळाचे तीन भाग असतात. वर हेड, मध्ये उभा वेब, खाली पसरट फूट. चाक जिथे टेकतं तो रनिंग सरफेस. हेडची ट्रॅकच्या आतल्या अंगाची बाजू म्हणजे गेज फेस, आणि हे दोन्ही गोलाईने जिथे मिळतात तो गेज कॉर्नर. हा शेवटचा शब्द पक्का लक्षात ठेवा, कारण रुळाच्या आयुष्यातला बराचसा त्रास तिथेच सुरू होतो. हेडच्या खालच्या आणि फूटच्या वरच्या तिरक्या बाजूंना फिशिंग सरफेस म्हणतात. दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, या दोन उतारांमध्ये पाचरीसारखी आवळली जाते. ती वेबला टेकली, तर एकतर प्लेट चुकीच्या छेदाची आहे किंवा उतार झिजले आहेत. अशा जोडाचे बोल्ट कितीही कसले तरी जोड ढिलाच राहतो.

‘साठचा’ म्हणजे मीटरला साधारण ६० किलो. जुन्या ब्रिटिश आणि आजच्या अमेरिकी पद्धतीत हाच आकडा यार्डाला पौंड असा असतो; त्याला ०.४९६ ने गुणलं की किलो प्रतिमीटर मिळतात. म्हणजे ९० पौंडी रूळ ४४.६ किलोचा, आणि १३६ पौंडी अमेरिकी रूळ ६७.५ किलोचा. ‘नव्वदचा रूळ’ ऐकून तो साठच्या रुळापेक्षा जड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो बराच हलका आहे.

नेहमी भेटणाऱ्या छेदांची नवी मापं अशी:

- ६० ई १ (जुनं नाव यूआयसी ६०; यूआयसी ही रेल्वेची आंतरराष्ट्रीय संघटना): उंची १७२, फूट १५०, हेड ७२, वेब १६.५ मिमी, मीटरला ६०.२१ किलो
- ५४ ई १: उंची १५९, फूट १४०, हेड ७०, वेब १६ मिमी, ५४.७७ किलो
- ५२ किलो: उंची १५६, फूट १३६, हेड ६७, वेब १५.५ मिमी, ५१.८९ किलो
- ९० आर: उंची १४२.९, फूट १३६.५, हेड ६६.७, वेब १३.९ मिमी, ४४.६१ किलो

छेद ओळखताना आधी फूटची रुंदी मोजा. हेड झिजतं, उंची कमी होते. फूट गंजलं नसेल तर मूळ मापाचंच राहतं. मात्र ५२ किलो आणि ९० आर यांच्या फूटमध्ये फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तिथे वेबची जाडी पाहायची. साध्या कॅलिपरवरही १५.५ आणि १३.९ वेगळे दिसतात. छेद एकदा ठरला की नवी उंची वजा आजची उंची म्हणजे उभी झीज. ६० ई १ ची उंची १६६ भरली, तर ६ मिमी झीज. छेदच चुकीचा धरला तर हे सगळं गणित कागदावर नीटनेटकं दिसतं आणि साफ चुकतं.

गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यातल्या सरकत्या जिभेसाठी वेगळा जाड वेबचा, असमान छेदाचा रूळ वापरतात. ६० ई १ सोबत जाणारा असा रूळ फक्त १३४ मिमी उंच असतो. त्याला झिजलेला साठचा समजू नका.

दुसरी पायरी: वेबवरची अक्षरं वाचा

रूळ गरम असताना रोलरनेच वेबवर उठावदार अक्षरं उमटवतात. युरोपीय मानकानुसार ती २० ते २५ मिमी उंचीची असतात आणि किमान दर चार मीटरला एकदा येतात. त्यांत कारखान्याची खूण, छेदाचं नाव, पोलादाची प्रत आणि रूळ कधी लाटला ते असतं. दुसऱ्या प्रकारची अक्षरं खोलगट ठोकलेली असतात. तो त्या घाणाचा क्रमांक, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाची ओळख.

उठावदार अक्षरं सगळ्यांना दिसतात, ठोकलेली फार कुणी वाचत नाही. पण रूळ तुटल्यावर खरी गरज ठोकलेल्या क्रमांकाची पडते, कारण त्याच घाणातले इतर रूळ कुठे बसलेत हे त्यावरूनच शोधता येतं. तारेच्या ब्रशने गंज काढा, खडू आडवा फिरवा आणि उजेड बाजूने पाडा. समोरून मारलेल्या विजेरीत ठोकलेले अंक सपाट दिसतात.

तिसरी पायरी: पोलादाची प्रत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. ‘९० यूटीएस’, ‘९०० ए’, ‘ग्रेड ८८०’ आणि ‘आर २६०’ ही चार नावं एकमेकांशेजारी ठेवली तर चार वेगळी पोलादं वाटतात. व्यवहारात ती जवळपास एकच आहेत. यूटीएस म्हणजे तुटेपर्यंतची ताणशक्ती, आणि ९० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ९० किलो. तिचं मेगापास्कलमध्ये रूपांतर केलं की सुमारे ८८० येतात. ९०० ए हे त्याच ताकदीच्या पोलादाचं जुनं यूआयसी नाव, त्याचीही किमान मर्यादा ८८० मेगापास्कल. आर २६० मधला आकडा मात्र ताकदीचा नाही, तो ब्रिनेल कठीणपणाचा किमान आकडा आहे. या प्रतीचा कठीणपणा २६० ते ३०० आणि ताणशक्ती किमान ८८० मेगापास्कल. तसाच जुना ७२ यूटीएस म्हणजे सुमारे ७१० मेगापास्कल.

आर ३५० एचटी मधली शेवटची अक्षरं उष्णता-उपचार झाल्याचं सांगतात. कठीणपणा ३५० ते ३९०, ताणशक्ती किमान १,१७५ मेगापास्कल. भारतीय मानकातला १०८० एचएच हासुद्धा हेड कठीण केलेला रूळ आहे. दोघांचा कठीणपणा जवळ येतो, पण तपशिलात ते एक नाहीत. ‘३५० नाही तर १०८० चालेल’ असं खरेदीच्या कागदावर परस्पर लिहू नये.

हा कठीणपणा येतो कुठून? आर २६० मध्ये साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन आणि एक टक्क्याच्या आसपास मँगनीज असतं. असं पोलाद सावकाश थंड झालं की पर्लाइट तयार होतं, म्हणजे मऊ फेराइट आणि कठीण सिमेंटाइट यांचे आलटून पालटून पातळ थर. हेडवर हवा किंवा पाण्याचा फवारा मारून ते जरा जलद थंड केलं की थर आणखी पातळ होतात. रसायन तेच राहून रूळ कठीण होतो. पण थंड करण्याची गती हद्दीपलीकडे गेली तर पर्लाइटऐवजी मार्टेन्साइट बनतं. ते काचेसारखं ठिसूळ. हा शब्द पुढे पुन्हा लागणार आहे.

मानकात हायड्रोजनचं प्रमाणही बांधून दिलेलं असतं, आर २६० साठी दशलक्षात २.५ भाग. जास्तीचा हायड्रोजन पोलादात अडकला की हेडच्या पोटात बारीक फटी राहतात आणि त्यांतून रुळाच्या लांबीला काटकोनात, हेड आडवं कापणारी भेग वाढत जाते. बाहेरून रूळ चकचकीत, आत अर्धं हेड फाटलेलं. अल्ट्रासोनिक तपासणीत ७० अंशांचा प्रोब असतो तो अशा आडव्या भेगांसाठी. सरळ खाली जाणारा शून्य अंशाचा प्रोब जमिनीला समांतर पसरलेल्या फटी दाखवतो, अशी उभी उतरणारी भेग त्याच्या हाती लागत नाही.

हातातल्या यंत्राने कठीणपणा मोजताना दोन चुका नेहमी होतात. नव्या रुळाच्या कातडीत कार्बन कमी झालेला असतो, म्हणून तिथे आकडा कमी येतो. सुमारे अर्धा मिलिमीटर घासून मग मोजायचं. उलट, वापरातल्या रुळाचा रनिंग सरफेस चाकांनी कुटून कुटून कठीण झालेला असतो. तिथे ३०० च्या वर आकडा आला म्हणून रूळ उष्णता-उपचार केलेला ठरत नाही. शंका असेल तर वेबवरची प्रत वाचा.

चौथी पायरी: दोषांना नाव द्या

‘रूळ खराब आहे’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. दोष हेडच्या कुठल्या भागात आहे, एकाच रुळावर आहे की दोन्हींवर, आणि वळणावर आहे की सरळ मार्गावर, या तीन प्रश्नांनी बहुतेक नावं सुटतात.

हेड चेक: गेज कॉर्नरवर जवळजवळ, समांतर, केसासारख्या तिरक्या भेगा. बहुधा वळणाच्या बाहेरच्या रुळावर, कारण चाकाची कड तिथे रेटली जाते. स्क्वॉट: रनिंग सरफेसवर काळपट, किंचित बसलेला डाग, खाली पसरत जाणारी भेग. व्हील बर्न: इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरल्याने झालेला जळका खड्डा. स्क्वॉट आणि व्हील बर्न सुरुवातीला सारखेच दिसतात. अशा वेळी समोरचा रूळ पाहा. एका धुरीवरची दोन्ही चाकं एकत्र घसरतात, त्यामुळे व्हील बर्नची जोडी समोरासमोर सापडते. स्क्वॉट बहुतेकदा एकटा असतो. कॉरुगेशन: हेडवर ठरावीक अंतराने येणाऱ्या लाटा. डोळ्यांपेक्षा बोटाला आणि कानाला त्या लवकर कळतात. साइड वेअर म्हणजे गेज फेसची झीज, तीही मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या रुळाची.

व्हील बर्न धोकादायक का, तर मार्टेन्साइटमुळे. घर्षणाने पातळ थर लालभडक होतो आणि खालचं थंड पोलाद त्यातली उष्णता क्षणात शोषून घेतं. पृष्ठभागावर ठिसूळ पापुद्रा उरतो, त्याला तडा जातो, तडा खाली उतरतो. वेल्डिंगची ठिणगी चुकून रुळाला लागली किंवा गॅसने रूळ कापला की हेच घडतं. म्हणून रूळ चकतीच्या करवतीने कापतात आणि बोल्टची भोकं ड्रिलने पाडून त्यांच्या कडा मारतात. भोकाची कड खरखरीत राहिली, की तिथून साधारण ४५ अंशांत भेग निघते.

कठीण रूळ बसवला म्हणजे देखभाल संपली, हा समज टिकाऊ आहे आणि चुकीचाही. मऊ रुळावर बारीक भेगा पडतात तशा त्या झिजूनही जातात. कठीण रुळाला भेगा उशिरा पडतात, पण पडल्या की तिथेच राहतात. त्या ग्राइंडिंगने काढाव्या लागतात, खोल जायच्या आत.

पाचवी पायरी: जोड, वेल्ड आणि तापमान

दोन रूळ फिशप्लेटने जोडले तर मध्ये प्रसरणासाठी फट ठेवतात. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०११५ मिमी वाढतं. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटर. जोडाच्या ठिकाणी विद्युत प्रवाह अडवायचा असेल तर मध्ये निरोधक घालतात, तो इन्सुलेटेड जोड. त्याच्या तोंडाशी हेडचं पोलाद दबून पुढे येतं आणि फट बुजवतं. सिग्नल लाल राहण्यामागे कधी कधी एवढंच कारण निघतं.

वेल्ड मुख्यतः दोन तऱ्हांचे. फ्लॅश बट वेल्डमध्ये रुळांची टोकं विजेने तापवून एकमेकांवर दाबतात, बाहेरचं पोलाद येत नाही. थर्मिट वेल्डमध्ये लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड पेटवून तयार होणारं वितळलेलं पोलाद साच्यात ओततात. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. नेहमीच्या पद्धतीत फट सुमारे २५ मिमी असते. पुड्यावर रुळाची प्रत लिहिलेली असते; ती न जुळवता ओतलं तर वेल्ड शेजारच्या रुळापेक्षा मऊ राहतो आणि तिथे खळगा पडतो.

आता ‘स्ट्रेस-फ्री तापमान’. सलग वेल्ड केलेला रूळ लांबायला जागाच नसते, त्यामुळे वाढ दाबात बदलते. दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल, म्हणजे ६० ई १ मध्ये १८ किलोन्यूटन. ३० अंशांच्या फरकाला एका रुळात साधारण ५५ टन. ज्या तापमानाला रुळात ना दाब ना ताण, ते त्याचं स्ट्रेस-फ्री तापमान. त्याच्या बरंच वर गेलं की मार्ग बाजूला फुगून वाकतो, बरंच खाली गेलं की रूळ तुटतो. हे तापमान रुळाचं आहे, हवेचं नाही. उन्हात रूळ हवेपेक्षा १५ ते २० अंश जास्त तापलेला असू शकतो, म्हणून थर्मामीटर रुळाला लावायचा, तोही सावलीकडच्या बाजूला.

थंडीत रूळ तुटतो, टोकं मागे सरकतात आणि समजा ४० मिमी फट पडते. मग दोन टोकांच्या मधलं अंतर मोजून त्यात बसेल तेवढा नवा तुकडा घालून वेल्ड केला जातो. मार्ग सुरू होतो, काम छान दिसतं. पण मार्गात ४० मिमी पोलाद जास्तीचं भरलं गेलं. स्ट्रेस-फ्री तापमान तेवढंच खाली आलं आणि उन्हाळ्यात मार्ग तिथेच वाकणार. नियम सोपा आहे: जेवढं पोलाद काढलं तेवढंच घालायचं. कापण्याआधी दोन्ही बाजूंना रुळावर पक्क्या खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा. ६,००० मिमीचा तुकडा काढला आणि दोन थर्मिट वेल्ड करायचे असतील, तर नवा तुकडा ५,९५० मिमीचा, कारण ५० मिमी पोलाद वेल्डमधूनच येणार. फट आधीच ४० मिमी उघडली असेल तर टेन्सरने रूळ ओढून खुणा मूळ अंतरावर आणायच्या आणि मगच वेल्ड करायचा.

सहावी पायरी: रुळाखालचं

इथे शब्द थोडे आहेत. रुळाखाली रबरी पॅड, बाजूला लायनर, फूटवर दाबून बसणारी इलॅस्टिक क्लिप. क्लिप फूटवर जो दाब देते तो टो लोड. पॅड चेपला की क्लिप जागेवर दिसते पण टो लोड गेलेला असतो, आणि रूळ लांबीच्या दिशेने सरकू लागतो. याला क्रीप म्हणतात. स्लीपरची घनता किलोमीटरला किती अशी सांगतात: १,६६० म्हणजे साधारण ६० सेंमी अंतर. जुन्या कागदांत ‘एम अधिक ७’ असं दिसेल. एम म्हणजे मीटरमधली रुळाची लांबी, म्हणून १३ मीटरच्या रुळाखाली २० स्लीपर.

खडी साधारण २० ते ६५ मिमीची, धारदार कोनांची. स्लीपरच्या तळाखालची जाडी हा खडीचा कुशन, दोन स्लीपरमधली क्रिब, टोकापलीकडची शोल्डर. मार्ग बाजूला वाकू नये म्हणून शोल्डर आणि क्रिब दोन्ही भरलेली लागतात. खडी उपसल्यानंतरच्या दिवसांत गाडीचा वेग उतरवतात तो यासाठीच.

सातवी पायरी: गेज, कँट, ट्विस्ट

गेज म्हणजे दोन रुळांच्या गेज फेसमधलं अंतर, हेडच्या माथ्यापासून १४ मिमी खाली मोजलेलं. अमेरिकेत हीच पातळी ५/८ इंच. स्टँडर्ड गेज १,४३५ मिमी, भारतीय ब्रॉडगेज १,६७६, मीटरगेज १,०००. गेज फेसवर चेपलेल्या पोलादाची ओठासारखी कड आली असेल तर गेज खोटं कमी दिसतं. नोंदीत ती कड लिहा.

‘कँट’ दोन अर्थांनी वापरतात. प्रत्येक रूळ आतल्या बाजूला १:२० किंवा १:४० कललेला बसवतात, तो रुळाचा कल. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, तीही कँट. दुसरीचं सूत्र: गेज गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ पट त्रिज्या. वेग ताशी किलोमीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये, उत्तर मिलिमीटरमध्ये. इथलं गेज म्हणजे हेडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, स्टँडर्ड गेजला १,५०० आणि ब्रॉडगेजला १,७५०. स्टँडर्ड गेजवर ८७५ मीटर त्रिज्या आणि ८० चा वेग धरला तर ८६ मिमी. एवढी दिलीच पाहिजे असं नाही. कमी दिलेल्या भागाला कँट डेफिशियन्सी म्हणतात आणि तिची मर्यादा ठरलेली असते.

वळणाची त्रिज्या दोरीने मोजतात. २० मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या गेज फेसला दोन टोकांशी टेकवून ताणा आणि मध्यावर रुळापर्यंतचं अंतर मोजा. हा व्हर्साइन. ५०,००० भागिले व्हर्साइन म्हणजे मीटरमधली त्रिज्या. वरच्या वळणाला ५७ मिमी येईल. दोरीची लांबी बदलली की ५०,००० हा आकडाही बदलतो, म्हणून नोंदीत दोरी किती मीटरची ते लिहिलंच पाहिजे.

ट्विस्ट म्हणजे क्रॉस लेव्हल (दोन रुळांच्या माथ्यांच्या उंचीतला फरक) पुढे जाताना किती झपाट्याने बदलते. एका ठिकाणी ६० मिमी, तीन मीटर पुढे ५१, तर ९ मिमी तीन मीटरमध्ये, म्हणजे मीटरला ३. गाडी रुळावरून घसरण्याच्या चौकशीत हा आकडा आधी पाहतात, कारण ताठ बोगीचं एक चाक इथे हलकं होतं आणि त्याची कड रुळावर चढते.

आठवी पायरी: सांधा

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी रचना. तिचा सरकणारा भाग म्हणजे टंग रेल, ज्याला ती टेकते तो स्टॉक रेल. टंग रेलचं निमुळतं टोक टो, मागचं टोक हील. दोन रूळ एकमेकांना जिथे छेदतात ते क्रॉसिंग: मध्ये नोज, दोन्ही बाजूंना विंग रेल. समोरच्या रुळालगत चेक रेल असते, ती चाकाला आतून धरून नोजवर आदळू देत नाही. चेक रेल झिजून तिचं अंतर वाढलं की नोजवर ठोके दिसू लागतात. अशा वेळी नोज बदलून काही साधत नाही, आधी चेक रेल.

बरीच क्रॉसिंग ओतीव मँगनीज पोलादाची असतात, त्यात ११ ते १४ टक्के मँगनीज. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद ठोके खाऊन कठीण होतं. चुंबक त्याला चिकटत नाही, ओळखायची सोपी खूण हीच. साध्या रुळाशी ते थेट वेल्ड होत नाही. मध्ये वेगळ्या पोलादाचा तुकडा घालावा लागतो.

‘एकास बारा’ म्हणजे बारा एकक पुढे गेल्यावर दोन रूळ एक एकक फाकतात. कोन सुमारे ४ अंश ४६ मिनिटं. एकास साडेआठला ६ अंश ४३ मिनिटं. आकडा मोठा तर कोन लहान आणि वेग जास्त चालतो. नकाशावरचं माप थिऑरेटिकल नोजपासून असतं, म्हणजे दोन गेज रेषा छेदतात त्या बिंदूपासून. प्रत्यक्षातलं बोथट नोज त्याच्या थोडं मागे असतं. मार्गावर टेप लावताना हे विसरलं की अख्खा सांधा तेवढ्या अंतराने सरकून बसतो. सांधा डावा की उजवा हे टंग रेलच्या टोशी उभं राहून, क्रॉसिंगकडे तोंड करून ठरवायचं. क्रॉसिंगच्या बाजूने पाहिलं की उत्तर उलटं येतं. सुट्या भागाच्या मागणीपत्रात म्हणून इतकं सगळं एका ओळीत लागतं: रुळाचा छेद, पोलादाची प्रत, गेज, क्रॉसिंगचा आकडा, हात डावा की उजवा, आणि स्लीपर लाकडी की काँक्रीटचे. स्लीपरचा प्रकार चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही बोल्टची भोकं जुळत नाहीत.